कार्बनची पिशवी टाकण्यापूर्वी

तुम्ही मासे पाळायला घेतलेली दोन फुटांची टाकी सुरुवातीला योग्यच आहे. मात्र सोबत मिळालेली कार्बनची पिशवी म्हणजे सर्व दुखण्यांवरचा उतारा, असे समजू नका. तिच्यातला सक्रिय कार्बन, म्हणजे खास प्रक्रिया केलेला सच्छिद्र कोळसा, पाण्यातील पिवळसरपणा, वास, क्लोरीन आणि औषधांचे अवशेष शोषून घेतो, पण माशांच्या उत्सर्गातून व उरलेल्या खाद्यातून तयार होणारा, माशांना घातक अमोनिया तो काढत नाही. ते काम फिल्टरच्या स्पंजात वाढणारे जिवाणू करतात आणि त्यांचा जम बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात, म्हणून तोवर मासे मोजकेच ठेवा आणि खाद्य चिमूटभरच द्या.

नवख्यांच्या हातून बहुधा या चुका होतात:

- कार्बन न धुता टाकणे. माझ्या पहिल्या टाकीचे पाणी तासाभरात असे काळवंडले, की भुसावळचे जुने कोळशाचे इंजिन आठवावे.
- तीच पिशवी महिनोन् महिने ठेवणे. ३-४ आठवड्यांनी ती बदलावी. धुऊन तिची शक्ती परत येत नाही.
- आजारी माशांना औषध देताना कार्बन आतच ठेवणे. औषध तोच शोषून घेतो.

आपल्या खानदेशात बोअरचे पाणी बहुधा जड, म्हणजे क्षारांचे असते आणि कार्बनने तो जडपणा कमी होत नाही. त्याच्याशी झगडण्यापेक्षा गप्पी किंवा मॉली मासे पाळा, त्यांना ते मानवते. जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांकडे सरकतो, तेव्हा तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. त्या दिवसांत कार्बनपेक्षा हवेचा पंप महत्त्वाचा. अमोनिया शोषणारे झिओलाइट आणि जडपणा घटवणारे रेझिन यांचा विषय सध्या बाजूला राहू द्या.