आईला डिमेन्शिया आहे आणि ती सगळ्यांवर संशय घेते, आजीचंही तसंच होतं, मग हे आनुवंशिक आहे का? मलाही होणार का?

थोडंफार आनुवंशिक असतं, पण तुम्ही घाबरताय तेवढं सरळ गणित नाहीये.

माझ्या आईला अल्झायमर, म्हणजे डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार, होता आणि मावशीला पण. आई रोज कामवाल्या मावशींवर पाटल्या चोरल्याचा आळ घ्यायची, आणि पाटल्या निघायच्या डाळीच्या डब्यात, तिनेच ठेवलेल्या. मावशी मात्र दिवसभर खिडकीशी गप्प, जेव म्हटलं की जेवणार. सख्ख्या बहिणी, आजार एकच आणि ही तऱ्हा, म्हणून मी तेव्हा यावर बरंच वाचलं.

एपीओई ४ नावाचा जीन सगळे सांगतात, तो अल्झायमर होण्याची शक्यता वाढवतो एवढंच, तो असूनही कित्येकांना काही होत नाही आणि पुढे संशय-भास होणार का हे तर त्यावरून ठामपणे सांगता येत नाही. पण दोन भावंडांना अल्झायमर असेल आणि एकाला भास होत असतील तर दुसऱ्याला होण्याची शक्यता जास्त असते असं दिसलंय, म्हणजे घराण्यातून काहीतरी येतं, पण कुठला एकच जीन नाही. २०२१ मध्ये अल्झायमरच्या बारा हजारांवर पेशंटचा डीएनए बघितला तर या संशय-भासांचं आनुवंशिक नातं स्किझोफ्रेनियाशी (ज्यात भास आणि संशय हेच मुख्य असतं तो मानसिक आजार) नाही, डिप्रेशनशी निघालं! मला हे उलटं वाटलं होतं.

एक अपवाद मात्र आहे. चाळिशी-पन्नाशीत वागणं बदललं, भास सुरू झाले, आणि घरात कुणाला एएलएसही (स्नायू हळूहळू दुबळे होत जाणारा मज्जातंतूंचा आजार) होता, तर सी९ओआरएफ७२ या जीनचा संबंध असू शकतो, मग जेनेटिक काउन्सेलरला भेटाच. नाहीतर सहसा नुसती टेस्ट करून डोक्याला ताप.

आणि याला आईचा स्वभाव म्हणू नका हो. ज्यांच्या नावावरून या आजाराचं नाव पडलं त्या डॉ. अल्झायमर यांनी १९०१ साली जर्मनीत फ्रँकफर्टला या आजाराची जी पहिली पेशंट तपासली ना, ऑगुस्टे डेटर, तिचंही सुरुवातीचं लक्षण नवऱ्यावर संशय हेच होतं.

जीन्स काही बदलत नाहीत, पण बाकीचं बघा. आमची आई एकदा चार दिवसांत एकदम बिघडली, रात्रभर आरडाओरडा, आम्ही आजार वाढला म्हणून हताश, आणि निघालं काय तर लघवीचं इन्फेक्शन. बद्धकोष्ठता, दुखणं, कमी ऐकू येणं यानेही होतं. आणि नसलेली माणसं-प्राणी स्पष्ट दिसत असतील, हातपाय ताठरले असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, डिमेन्शियाच्या लेवी बॉडी नावाच्या प्रकारात हॅलोपेरिडॉलसारखी भासांवरची औषधं फार त्रास देतात.

पाटल्यांचं म्हणाल तर आम्ही शेवटी बेंटेक्सच्या तशाच दोन जोड आणल्या, एक हरवली की दुसरी "सापडायची".