रोमन 'कोलोनिया'ला वसाहत म्हणावं का?

प्रश्न असा आहे: रोमनांनी वसवलेल्या गावाला लॅटिनमध्ये 'कोलोनिया' म्हणत. अल्जीरियातलं टिमगाड हे प्राचीन शहर 'रोमन वसाहत' होतं असं लिहिलं, तर वाचकाला ब्रिटिशांच्या वसाहती आठवतात. मग दुसरा शब्द आहे का?

माझ्या मते वसाहतच ठेवावं. या शब्दाचा राजकीय अर्थ आज जोरात असला, तरी 'कारखान्याची कामगार वसाहत' म्हणताना तो कुणाच्या मनात येत नाही. लोकांना आणून वसवलेली जागा, एवढंच तिथे अभिप्रेत असतं. टिमगाड तसंच होतं. इ.स. १०० मध्ये सम्राट ट्राजनने ते तिसऱ्या ऑगस्टा लीजनकडून, म्हणजे रोमन सैन्यदलाकडून, बांधून घेतलं आणि निवृत्त सैनिकांना तिथे वसवलं. मूळ गाव जवळजवळ चौरस, बाजू सुमारे ३५५ मीटर, रस्ते काटकोनात. आजही वरून पाहिलं तर बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं.

लॅटिनमध्ये 'कोलेरे' म्हणजे जमीन कसणं, 'कोलोनुस' म्हणजे कसणारा. कोलोनियाच्या मुळाशी नांगर आहे, जो 'वसाहत'मध्ये नाही. तो हवा असेल तर जुन्या मराठी कागदपत्रांत एक सुंदर शब्द आहे: लावणी-संचणी. ओसाड मुलूख लागवडीला आणायचा आणि रयत वसवायची, दोन्ही त्यात येतं. पण तो क्रियेचा शब्द, गावाला लावता येणार नाही.

खरी अडचण 'वसाहतकालीन' या शब्दाची. अल्जीरियाच्या बाबतीत तो १८३० ते १९६२ या फ्रेंच राजवटीलाच लागतो. टिमगाडचं उत्खनन फ्रेंचांनी १८८१ मध्ये सुरू केलं, म्हणजे उत्खनन वसाहतकालीन आणि अवशेष रोमन वसाहतीचे! इथे मात्र जपून लिहावं. पहिल्या उल्लेखात 'निवृत्त सैनिकांची रोमन वसाहत' म्हणावं, पुढे नुसतं वसाहत चालेल.

शब्दवेड्यांसाठी आणखी एक. टिमगाडच्या फोरमच्या, म्हणजे मुख्य चौकाच्या, फरशीवर खेळाचा पट कोरलाय, त्यावर अक्षरं आहेत: 'वेनारी लवारी लुदेरे रिदेरे ओक्क एस्त विवेरे'. शिकार, स्नान, खेळ, हसणं. जगणं म्हणतात ते हेच. व्याकरणातलं 'होक' (म्हणजे 'हे') इथे 'ओक्क' झालंय. बोलताना 'ह' गळायचा, आणि कोरणाऱ्याने शब्द तोंडातल्यासारखाच दगडात उतरवला.