वर्दी त्याने आतून पाहिली आहे

प्रश्न : मी एसटीच्या कार्यशाळेत मेकॅनिक आहे. तरुणपणी पोलीस भरतीत उंचीला एक सेंटिमीटर कमी भरलो आणि बाद झालो. मुलगा साडेबावीस वर्षांचा, मुक्त विद्यापीठातून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दहावीपासून त्याच्याकडून भरतीची तयारी करून घेतोय. पोलीस भरतीत होमगार्डना असलेलं पाच टक्के आरक्षण मिळावं म्हणून विसाव्या वर्षी त्याला होमगार्डला घातला, त्याला अडीच वर्षं झाली. एका भरतीत मैदानी चाचणीत बाद झाला, दुसऱ्या वेळी लेखीत. आता म्हणतो, ‘मला पोलीस व्हायचंच नाही. लोकांना मागे ढकलायचं काम मला जमत नाही.’ पायाची नळी दुखते म्हणून पळायला टाळतो. मी गोळी देऊन पाठवतो. अभ्यास व्हावा म्हणून दोन महिने मोबाइल माझ्याकडे ठेवलाय. हल्ली घरात बोलत नाही, ताट घेऊन खोलीत जातो. गेल्या विसर्जनाला बुडालेल्या एका पोराला छाती दाबून शुद्धीवर आणलं, ते मात्र आईला रात्रभर सांगत बसला होता. त्याच्या मनातली वर्दीची भीती कशी घालवू?
— एक वडील, सांगली जिल्हा

उत्तर :

स.न.वि.वि.

तुमचं पत्र वाचताना मी मैदान आणि लेखीच्या निकालापाशी थांबलो नाही. थांबलो ते ‘ताट घेऊन खोलीत जातो’ या वाक्यापाशी. हे वाक्य तुम्ही जाता जाता, तक्रार म्हणून लिहिलं आहे. पण तुमच्या पत्रात सगळ्यात गंभीर काही असेल तर ते हेच. साडेबावीस वर्षांचा, रात्रीच्या बंदोबस्ताला उभा राहणारा, सरकारने अंगावर वर्दी दिलेला मुलगा. आणि घरी त्याचा मोबाइल वडिलांच्या कपाटात. गावाच्या गर्दीत ज्याच्यावर विश्वास टाकता येतो, त्याच्यावर घरात का टाकता येत नाही? मोबाइल आज परत करा. अट घालू नका, भाषण देऊ नका, नुसता परत करा.

दुसरी गोष्ट नळीच्या दुखण्याची. पळताना नळीत सतत दुखत असेल तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. भरतीची तयारी करणाऱ्या मुलांमध्ये हे दुखणं नवं नाही. कडक जमिनीवर रोज पळायचं, विश्रांती घ्यायची नाही, वरून वेदनाशामक गोळी. गोळीने दुखणं कळेनासं होतं आणि हाड आणखी बिघडतं. त्याला अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्या आणि डॉक्टर सांगतील तितके दिवस पळणं बंद ठेवा. भरती पुन्हा निघेल. पाय कायमचा अधू झाला तर पोलीस सोडाच, दुसरी मैदानी नोकरीही जाईल.

आता ‘भीती’. तुम्ही ज्याला भीती म्हणता, त्याचा पुरावा मला तुमच्या पत्रात कुठेच सापडला नाही. जो मुलगा विसर्जनाच्या गर्दीत, आजूबाजूला आरडाओरडा चाललेला असताना एका पोराच्या छातीवर हात ठेवून दाबत राहतो, तो भित्रा कसा? तो तुम्हाला सरळ आणि नेमकं कारण सांगतो आहे : लोकांना अडवणं, मागे सारणं, दरडावणं त्याला नको आहे. हे कारण त्याने घरी बसून शोधलेलं नाही. अडीच वर्षं तो नाकाबंदीला, यात्रेला, मिरवणुकीला पोलिसांच्या शेजारी उभा राहिला आहे.

मी स्वतः कॉलेजच्या वयात होमगार्डमध्ये होतो, म्हणून हे ठामपणे सांगतो. दोरी धरून गर्दीसमोर उभं राहिलं की आपला स्वभाव आपल्याला फार लवकर कळतो. माझ्याबरोबर एक मुलगी होती, घरात तोंडातून शब्द न काढणारी. बंदोबस्तात तिचा आवाज फुटला, हद्दीतली भांडणं ती उभ्या उभ्या मिटवू लागली. पुढे शिपाई भरतीतून ती दलात गेली आणि आजही मन लावून नोकरी करते. त्याच बंदोबस्तात दुसऱ्या काहींना उमगलं की हे आपलं काम नाही. दोघांचंही बरोबर होतं. पोलिसाचं काम अधिकार वापरण्याचं आहे, आणि अधिकार नीट वापरणारी माणसं आपल्याला हवीच आहेत. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर रात्री दोन वाजता मार खाऊन आलेल्या बाईची तक्रार नोंदवून घेणं, समन्स घेऊन चारदा हेलपाटे मारणं, मयताशेजारी पंचनामा होईपर्यंत थांबणं, आरोपीला कोर्टात नेणं-आणणं, हे सगळं खडतर आणि मोलाचं काम आहे. आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग 2016 साली मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात सुरू झाला, तरी सणासुदीचा बंदोबस्त लागला की घड्याळ बाजूलाच ठेवावं लागतं. ज्याला मनापासून हे हवं आहे तोच यात टिकतो. नको असताना ढकललेला माणूस पुढे तीस वर्षं त्याचा राग नागरिकांवर काढतो, नाहीतर स्वतःवर.

भरतीला बसणाऱ्या बहुतेक मुलांनी पोलीस ठाणं बाहेरून पाहिलेलं असतं. तुमच्या मुलाने ते आतून पाहिलं आहे. या विषयातला तुमच्या घरातला सगळ्यात जाणकार माणूस तो आहे, आणि तुम्ही फक्त त्यालाच काही विचारत नाही आहात.

तुमचा एक गैरसमज मात्र दूर केलाच पाहिजे, कारण त्यावर तुम्ही त्याची अडीच वर्षं उभी केलीत. आरक्षणासाठी लागणारी होमगार्डची तीन वर्षं म्हणजे पोलिसातल्या नोकरीची अर्धी हमी नव्हे. पाच टक्के हे समांतर आरक्षण आहे, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांमध्येच होमगार्डसाठी ठेवलेला वाटा. मैदान तेच, 1600 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक, एकूण 50 गुण. लेखी तीच 100 गुणांची, 40 टक्क्यांची अटही तीच. त्या राखीव जागांसाठी तुमच्या मुलासारखेच तीन वर्षं पूर्ण केलेले होमगार्ड आपसात स्पर्धा करतात. ‘पुढे होमगार्डला कायम करतील’ ही गावोगावची आशाही सोडून द्या. हिमाचल प्रदेशच्या होमगार्डच्या प्रकरणात 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नियमित करायला नकार दिला, मात्र कर्तव्य भत्ता पोलिसांच्या किमान वेतनाच्या तोडीचा असावा असं सांगितलं. महाराष्ट्रात हा भत्ता 2024 साली दिवसाला 1,083 रुपये झाला, पण तो मिळतो ड्युटी लागेल त्याच दिवसांचा. हे दल 6 डिसेंबर 1946 रोजी मुंबईत उभं राहिलं ते दंगलींच्या काळात, नागरिकांनीच नागरिकांच्या मदतीला यावं म्हणून. आपलं पोटापाण्याचं काम सांभाळून माणसाने सेवा द्यावी, असा तो विचार होता. ‘निष्काम सेवा’ हे ब्रीद त्यातूनच आलं. त्यामुळे तुमच्या मुलाने या काळात जे केलं त्याला भरतीआधीची रखडपट्टी समजू नका. ती सेवा आहे आणि ती त्याने चोख केली आहे.

पोलिसात जायचे रस्ते तुम्हाला पाठ आहेत : शिपाई भरती, राज्य राखीव पोलीस बल, पदवीनंतर एमपीएससीतून उपनिरीक्षक. त्यावर मी आणखी काही लिहीत नाही.

मला लिहायचं आहे ते त्या विसर्जनाच्या रात्रीबद्दल. होमगार्डच्या प्रशिक्षणात कवायतीबरोबर प्रथमोपचार, अग्निशमन आणि विमोचन, म्हणजे अडकलेल्यांची सुटका, शिकवतात. त्यातलं काय त्याच्या हातात उतरलं ते त्या रात्री दिसलं. एरवी न बोलणारा मुलगा रात्रभर बोलत राहिला, याहून स्पष्ट कल चाचणी मला माझ्या कार्यालयात घेता येणार नाही. आणि तुम्ही ज्या पाच टक्क्यांसाठी त्याला होमगार्डला घातलं, ते आरक्षण पोलिसांपुरतं नाही. तीन वर्षं पूर्ण केलेल्या होमगार्डला वन विभागात आणि अग्निशमन दलातही ते मिळतं. त्यामुळे एवढ्यात राजीनामा देऊ नको, राहिलेले सहा महिने पूर्ण कर आणि होमगार्डच्या जिल्हा समादेशक कार्यालयातून सेवेचं प्रमाणपत्र घे, असं त्याला माझ्यातर्फे सांगा.

अग्निशमनात यायचं तर महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाचे दोन अभ्यासक्रम आहेत : अग्निशामकाचा सहा महिन्यांचा आणि उपस्थानक अधिकाऱ्याचा एक वर्षाचा. दुसऱ्यासाठी पदवी लागते, तेव्हा बी.ए. अर्धवट सोडू देऊ नका. दोन्हींची वयोमर्यादा पोलीस भरतीपेक्षा बरीच कडक असते, म्हणून जाहिरात हाती आल्यावर पहिल्यांदा वयाचा रकाना वाचायचा. नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयही पाहून ठेवा, तिथे देशभरातून मुलं येतात. पुढे महानगरपालिका, नगरपरिषदा, औद्योगिक वसाहती, विमानतळ, तेलशुद्धीकरण कारखाने असं मोठं क्षेत्र आहे. तिथेही धावणं, चढणं, वजन उचलणं आहेच, म्हणजे त्याची आतापर्यंतची मेहनत वाया जात नाही. पूर आणि इमारत कोसळल्यावर जाणारं राज्य आपत्ती प्रतिसाद दलही आहे, त्याच्या तुकड्या धुळे आणि नागपूरला आहेत. पण त्यातले जवान राज्य राखीव पोलीस बलातून येतात. तो रस्ता पुन्हा पोलीस भरतीतूनच जातो, आणि तो निवडायचा की नाही हे फक्त त्याने ठरवायचं. ‘बघ, वर्दीही मिळते आणि बचावकार्यही’ असं म्हणत तुम्ही त्याला मागच्या दाराने परत मैदानात उभं करू नका. तुमच्या मनात हे येईल, म्हणून आधीच लिहितो.

तुमच्याबद्दलही एक लिहायला हवं. एका सेंटिमीटरने बाहेर काढलं जाणं ही बोचणारी गोष्ट आहे. त्यात तुमचा काही दोष नव्हता, आणि इतक्या वर्षांत त्याबद्दल तुम्हाला कुणी दोन शब्द विचारले नसतील. ते मुलाला सांगितलंत का कधी? पहाटे चारला उठवताना नाही, जरा निवांत वेळी. बहुतेक त्याला एवढंच माहीत आहे की बाबांना त्याच्याकडून वर्दी हवी आहे, का हवी आहे ते माहीत नाही. ते सांगा, आणि त्याच बैठकीत हेही सांगा की ते दुःख तुमचं आहे, त्याने ते फेडायचं नाही.

मग त्याला विसर्जनाच्या रात्रीचं विचारा. आईला सांगितलं ते तुम्हालाही ऐकायचं आहे म्हणा आणि मध्ये बोलू नका. तो बोलला नाही तर आठवड्याने पुन्हा विचारा. जेवण, झोप आणि बोलणं तरीही असंच राहिलं तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात त्याला घेऊन जा. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि उशीरही करू नका. पुढचं पत्र मात्र त्याच्या हातचं येऊ द्या. अग्निशमनच्या प्रवेशाची तयारी, वयाचा हिशेब, बी.ए.चे गुण, जे काही विचारायचं असेल ते त्याने स्वतः विचारावं. तुम्ही ते पाकिटात घालण्यापूर्वी वाचू नका.