फ्लड अँड ड्रेन लावताय? आधी पाणी परत कसं येणार ते बघा

दादा, नाशिकला गंगापूर रोडला वरच्या मजल्याची गच्ची, चार बाय दोन फुटाचा ट्रे, पंप किती लिटरचा घेऊ आणि घरात पडलेलं १९:१९:१९ खत चालेल का, असं तुम्ही विचारलंय. फ्लड अँड ड्रेन म्हणजे मातीशिवाय भाजी, खालच्या टाकीतलं खताचं पाणी पंपाने ठराविक वेळी ट्रेत चढवायचं आणि परत टाकीत उतरू द्यायचं. पंपाचं खरं तर शेवटी बघितलं तरी चालतं. ट्रे भरणं सोपं असतं हो, कुठलाही बरा सबमर्सिबल पंप भरून देतो. ट्रे दरवेळी पूर्ण रिकामा होणं आणि पंप बंदच झाला नाही तरी पाणी गच्चीवर न सांडता टाकीतच जाणं, या दोन गोष्टी जमवा, बाकीचं झाडं बरंच सांभाळून घेतात. पाणी चढतं तेव्हा मुळांजवळची शिळी हवा बाहेर जाते आणि उतरताना ताजी हवा आत ओढली जाते, म्हणजे मुळांना श्वास मिळतो तो पाणी उतरताना. तळाला इंचभर पाणी कायम तुंबलं की तिथली मुळं तपकिरी पडून सडतात.

तर ट्रेला दोन भोकं. एक अर्ध्या इंची, पंपाकडून येणारं, आणि दुसरं ओव्हरफ्लोचं एक इंची, यात काटकसर नको कारण ओव्हरफ्लोतलं पाणी नुसतं उताराने जातं, त्याला ढकलायला कोणी नाही. दोन्हीला टाकीला लावतात तेच रबर वॉशरवालं टँक निपल चालतं, रविवार कारंज्याच्या बाजूला प्लंबिंगच्या दुकानांत सहज मिळेल. ओव्हरफ्लोच्या निपलात पाईपाचा तुकडा उभा बसवा पण सोल्युशन लावून चिकटवू नका, नुसता घट्ट दाबा, म्हणजे पुढे पाण्याची पातळी कमीजास्त करता येते. पातळी ट्रेत भरलेल्या भाजलेल्या मातीच्या गोळ्यांच्या वरच्या थरापेक्षा इंच-दीड इंच खालीच ठेवायची, वरचा थर कोरडा राहिला की शेवाळ धरत नाही आणि ती बारीक काळी चिलटं पण येत नाहीत. उभ्या पाईपाभोवती भोकं पाडलेला मोठा पाईप घाला, नाहीतर गोळे आत जाऊन बसतात.

आणि एक, पंपाच्या लाईनीत नॉन रिटर्न व्हॉल्व (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) अजिबात टाकू नका. प्लंबर सवयीने टाकतो आणि वर सांगतो की चांगलं असतं. आपल्याला तर पंप बंद झाल्यावर पाणी त्याच पाईपातून पंपातून उलटं खाली यायला हवंय, तोच आपला ड्रेन आहे. म्हणून पंपाचं भोक ट्रेच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात घ्या. गच्चीला ढाळ असतोच, त्यामुळे स्टँड नुसता डोळ्याने बघून लावू नका, गवंड्याची लेव्हल ट्यूब लावून बघा आणि त्या कोपऱ्याकडे थोडा उतार द्या. स्टँड जमलं तर बीमवर किंवा भिंतीलगत घ्या, टाकी, ट्रे आणि पाणी मिळून दीड-दोनशे किलो सहज होतं. खडी स्वस्त म्हणून भरू नका, वजन फार वाढतं. भाजलेल्या मातीचे हलके गोळे घ्या, धुवून लाल पाणी जाऊ द्या आणि रात्रभर भिजवून ठेवा.

आता टाकी. तुमचा ट्रे पाच इंचापर्यंत भरला तर आकारमान साधारण ९४ लिटर होतं, त्यात निम्म्याच्या आसपास जागा गोळेच खातात, म्हणजे एका वेळी ४५-५० लिटर पाणी वर जाणार. टाकी त्याच्या दुप्पट तरी हवी, नाहीतर पंप कोरडा चालून जळतो आणि पाणी कमी असलं की खताचं प्रमाण पण झटकन बिघडतं. १०० लिटरची, गडद रंगाची, घट्ट झाकणाची घ्या. गडद शेवाळासाठी आणि झाकण डासांसाठी, डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंबड-सातपूरकडचे जुने निळे ड्रम स्वस्त मिळतात खरे, पण आत आधी काय होतं ते विकणाऱ्यालाही नीट माहीत नसतं, खायच्या भाजीला ते नकोच.

पंप तासाला १००० लिटरवाला बास. डब्यावर लिहिलेला आकडा शून्य उंचीचा असतो, दोन-तीन फूट वर चढवताना निम्मं मिळालं तरी पाच-सात मिनिटांत ट्रे भरतो आणि मग १५ मिनिटांचा टायमर संपेपर्यंत ओव्हरफ्लोतून फिरत राहतो, ते चांगलंच आहे, खाली पडताना पाण्यात हवा मिसळते. गोळ्यांमध्ये दिवसा चार-पाच वेळा, उन्हाळ्यात अजून एक-दोन जास्त, रात्री एकदा किंवा नाही. टायमर डिजिटल, आत बॅटरी असलेला घ्या, कारण लाईट गेली की चकतीवाला टायमर तेवढा वेळ मागे पडतो आणि दोन-चार वेळा असं झालं की दुपारचा फ्लड संध्याकाळी व्हायला लागतो. सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) हवाच. पाणी आणि वीज एकत्र आहे, इथे पैसे वाचवायचे नाहीत.

१९:१९:१९ नको. त्यातलं बरंचसं नत्र युरियाच्या रूपात असतं, जमिनीतले जीवाणू ते बदलून देतात, इथे जमीनच नाही. वर त्यात कॅल्शियम नाही आणि युरिया ईसी मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवतो तो) दिसतही नाही, त्यामुळे किती टाकलं ते कळत नाही. पण आपण नाशिककर आहोत, द्राक्षवाल्यांमुळे हायड्रोपोनिक्सला लागणारं सगळं इथे कृषी सेवा केंद्रात मिळतं, ऑनलाईनच्या रंगीत बाटल्यांची गरज नाही. १०० लिटरला कॅल्शियम नायट्रेट ८० ग्रॅम, १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट) चाळीस ग्रॅम, ००:५२:३४ (मोनो पोटॅशियम फॉस्फेट) वीस ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४० ग्रॅम, चिलेटेड लोह (ईडीटीए १२ टक्के) २ ग्रॅम आणि मिक्स मायक्रोन्यूट्रिएंट एक-दोन ग्रॅम. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या बादलीत विरघळवा आणि टाकी जवळपास भरल्यावर सगळ्यात शेवटी ओता, घट्ट द्रावणात ते सल्फेट-फॉस्फेटला भेटलं की खाली पांढरा गाळ बसतो आणि ते खत वायाच गेलं समजा. याची ईसी पाण्याची स्वतःची धरून दोनच्या (mS/cm) आसपास येईल. रोपं लहान असताना निम्मंच करा, पालेभाजीला १.२ ते १.८, टोमॅटो-मिरचीला फुलं लागल्यावर दोनच्या वर.

पीएच, म्हणजे पाण्याचा आम्लपणा, ५.५ ते ६.५ ठेवा. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून वापरा. बोअरचं असेल तर मात्र आपल्याकडे बरेचदा जड लागतं, आज सहावर आणलेला पीएच परवा सातवर गेलेला दिसतो आणि तिथे लोह झाडाला मिळेनासं होतं, नवीन पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. लोक लगेच अजून खत टाकतात, तसं करू नका, आधी पीएच बघा. उतरवायला फॉस्फोरिक ॲसिड, ड्रिप धुवायला बागाईतदार वापरतात तेच, हातमोजे घालून, नेहमी पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी नाही, आणि थेंबाथेंबाने. आरओचं वाया जाणारं पाणी कोणी सुचवलं तर ऐकू नका, त्यात क्षार उलट जास्त असतात. मधे पातळी कमी झाली की साधं पाणी घाला, दोन-तीन आठवड्यांनी सगळं बदला, जुनं कढीपत्त्याला आणि कुंड्यांना द्या, ती झाडं खूष होतात.

खरी परीक्षा एप्रिल-मे मध्ये, पारा चाळीसला टेकतो तेव्हा. पाणी २० अंशाला असताना त्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसातच, आणि मूळकुज पण गरम पाण्यातच फोफावते. टाकी ट्रेच्या सावलीत ठेवा, बाहेरून पांढरा रंग किंवा ओलं गोणपाट, वर ५० टक्क्यांची शेडनेट. एवढं करूनही मे मध्ये लेट्यूस कडू होऊन फुलावर येतं, त्याच्या नादी लागू नका.

म्हणून सुरुवात दिवाळीच्या आसपास करा, थंडीत पालक, लेट्यूस, बेसिल मस्त येतात, ज्यांना हौस आहे त्यांनी स्ट्रॉबेरी पण लावावी, सुरगाण्याकडे शेतात होतेच, फक्त ईसी १.४ च्या वर नेऊ नका. पुदिना त्या ट्रेत लावू नका, जोमाने येतो पण मुळं थेट ओव्हरफ्लोच्या पाईपात घुसतात आणि मग एक इंचीचा काही उपयोग राहत नाही. झाडं लावायच्या आधी नुसत्या पाण्यावर दोन दिवस चालवा, एकदा मुद्दाम टायमर काढून पंप तासभर सलग चालू ठेवा. गच्ची कोरडी राहिली तर रोपं आणा, आणि काही अडलं तर ट्रेच्या खालच्या पाईपांचा फोटो टाका, वरच्या झाडांचा नको.