वाचकांचे प्रश्न : होसे रिझाल यांना देहदंड कशासाठी?

प्रश्न : फिलिपाइन्सचे लेखक होसे रिझाल यांचा १८९६च्या सशस्त्र उठावाला विरोध होता, असे वाचनात आले. मग स्पॅनिश सरकारने त्याच उठावासाठी त्यांना देहदंड कसा दिला?
– एक शिक्षक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : रिझाल यांचा उठावात हात नव्हता हे खरे, पण राज्यकर्त्यांना सलत होत्या त्या त्यांच्या कादंबऱ्या, आणि त्यांच्यामागची चीड समजून घ्यायची तर कालांबा या त्यांच्या गावच्या शेतजमिनीपर्यंत जावे लागते. ती जमीन डोमिनिकन या कॅथलिक पाद्र्यांच्या धर्मसंघाची होती आणि रिझाल यांचे घराणे, चांगले खातेपिते असूनही, तिच्यावर कूळच होते. निजामी अमलातील जहागिरींच्या हकिकती घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या आपल्या वाचकांना या नात्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

१८८७मध्ये बर्लिनला ‘नोली मे तांगेरे’ ही त्यांची पहिली कादंबरी एका मित्राच्या पैशांवर छापली गेली. गावचा खरा धनी सरकारी अधिकारी नसून पाद्री आहे, हे तिने उघडपणे मांडले. त्याच वर्षी मायदेशी आल्यावर त्यांनी कालांब्याच्या कुळांची गाऱ्हाणी सरकारदरबारी लेखी मांडायला मदत केली. पुढे कुळांनी खंड थांबवला, प्रकरण कोर्टात गेले आणि अखेर गव्हर्नर-जनरल वेलर यांनी सैन्य धाडून कुळांना घरांतून बाहेर काढले. त्यांत रिझाल यांचे कुटुंबही होते. १८९१ची ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ ही दुसरी कादंबरी पहिलीपेक्षा कितीतरी कडवट आहे. ती वाचताना ही हकालपट्टी विसरून चालत नाही.

१८९२मध्ये मनिलाला परतून त्यांनी सनदशीर मार्गाने चालणारी ‘ला लिगा फिलिपिना’ ही संघटना काढली. काही दिवसांतच त्यांना अटक करून मिंदानाओ बेटावरच्या दापितान या दूरच्या गावी हद्दपार करण्यात आले. तिथली चार वर्षे या नेत्रवैद्याने रुग्ण तपासण्यात, मुलांना शिकवण्यात आणि गावात पाणी आणण्यात घालवली. सशस्त्र उठावाची तयारी करणाऱ्या, आंद्रेस बोनिफासियो यांच्या ‘कातिपुनान’ या गुप्त संघटनेचा दूत तिथे येऊन भेटला, तेव्हा पुरेशी शस्त्रे आणि तयारी नसताना उठाव करण्यास रिझाल यांनी नकार दिला. मात्र संघटनेने त्यांना न विचारताच मानद अध्यक्ष केले होते आणि त्यांच्या नावाचा परवलीच्या शब्दासारखा वापर चालवला होता. लष्करी न्यायालयाला एवढे पुरले, आणि ३० डिसेंबर १८९६ रोजी, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, मनिलात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

कोठडीतून त्यांनी उठावाचा निषेध करणारे निवेदनही लिहिले होते; सरकारने ते प्रसिद्धच होऊ दिले नाही. कारण त्यात रिझाल यांनी उठावाचा मार्ग नाकारला असला, तरी देशाला स्वातंत्र्याचे हक्क हवेत आणि त्यासाठी आधी शिक्षण हवे, ही मागणी तसूभरही सोडली नव्हती.