पातेल्याच्या बुडाला काजळी का धरते?

प्रश्न : आमची सांगलीत विश्रामबागला मेस आहे. हल्ली एका बर्नरचा जाळ पिवळा येतोय आणि पातेल्यांची बुडं काळीकुट्ट होतायत. गॅस तर स्वच्छ जळतो म्हणतात, मग ही काजळी येते कुठनं? सिलेंडरच खराब आला असेल का?

उत्तर : ताई, सिलेंडरवर शंका घ्यायच्या आधी बर्नर बघा. काजळी सिलेंडरमधनं येत नाही, ती जाळातच तयार होते, तेही पापणी लवायच्या आत.

आपला गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन, म्हणजे नुसता कार्बन आणि हायड्रोजन. जेटमधनं, म्हणजे गॅस येतो त्या बारीक भोकातनं, सुटताना तो सोबत हवा ओढतो, ती पुरेशी मिळाली की जाळ निळा. हवेची वाट तुंबली की जाळाच्या पोटात गॅस तापतो भरपूर पण ऑक्सिजन मिळत नाही, मग रेणू जळायच्या ऐवजी तुटतात, तुकड्यांतनं ॲसिटिलीन होतं (वेल्डिंगवाले वापरतात तेच), आणि तीन-तीन कार्बनचे तुकडे जुळून सहा कार्बनचं बेंझिनचं कडं बनतं. मग कड्याच्या कडेचा एक हायड्रोजन निघतो, त्या जागी ॲसिटिलीन बसतं, परत हायड्रोजन निघतो, परत ॲसिटिलीन, असं करत कड्याला कडं लागून चपटे रेणू वाढत जातात. त्यांतनं १-२ नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) पहिला कण होतो. वायूचा हा घन नेमका कसा होतो यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही, आणि मला सगळ्यात भारी जागा हीच वाटते. पुढं त्या कणावरही ॲसिटिलीन चढत राहतं, तो २०-४० नॅनोमीटरचा होतो आणि असे कण आपटून माळेसारखे एकमेकांना चिकटतात.

जाळ पिवळा दिसतो तो हे कण तापून चमकतात म्हणून. मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञानं १८६०-६१ च्या नाताळात लंडनला मुलांसमोर मेणबत्ती घेऊन हेच समजावलं होतं. तुम्हीही बघा, स्टीलचा चमचा मेणबत्तीच्या पिवळ्या भागात धरा, लगेच काळा होईल, बुडाच्या निळ्या भागात धरलात तर जवळपास कोराच राहील.

खरं तर यातली बरीच काजळी जाळाच्या कडेला ऑक्सिजन मिळाला की जळूनही जाते. पण मध्येच गार पातेलं आलं की जाळ थंडावतो, जळणं अर्धवट राहतं आणि उरलेली काजळी बुडाला बसते.

एक मात्र लक्षात घ्या, रस्सा उतू गेल्यावर जाळ मधनंच केशरी होतो तो मिठातल्या सोडियममुळं, ती काजळी नव्हे. बूड काळं होत नसेल तर त्याची काळजी नको.

तुमच्याकडं मात्र होतंय, म्हणजे जळणं अपुरं आहे, आणि अशा जाळातनं कार्बन मोनॉक्साईडही निघू शकतो, त्याला ना वास ना रंग. म्हणून नुसती पातेली घासत बसू नका. तो बर्नर बंद ठेवा, गार झाल्यावर भोकं सुईनं मोकळी करा, जेट आणि हवेची फट रिपेअरवाल्याकडनं साफ करून घ्या, आणि तोवर दुसऱ्या बर्नरवर करतानाही खिडकी उघडी ठेवा.