महिला सॉफ्टबॉलमधील सर्वश्रेष्ठ पिचर (फलंदाजाला चेंडू टाकणारी खेळाडू) कोणाला मानावे आणि का?

माझ्या मते हा मान जपानच्या युकिको उएनो यांचा आहे. आकडेवारीत अमेरिकेच्या काही खेळाडू त्यांच्या तोडीच्या ठरतील, परंतु २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधील त्यांच्या दोन दिवसांना तोड नाही. २० ऑगस्टला अमेरिकेविरुद्धचा उपांत्य सामना नऊ डावांपर्यंत लांबून जपान हरला; त्याच दिवशी ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना बारा डावांनंतर जिंकल्यामुळे, त्या वेळच्या बाद फेरीच्या पद्धतीनुसार, जपानला अंतिम फेरीत पुन्हा अमेरिकेशीच खेळण्याची संधी मिळाली. दुसऱ्या दिवशी उएनो यांनीच संपूर्ण सामन्यात चेंडू टाकून जपानला ३-१ असा विजय मिळवून दिला. या तीन सामन्यांत त्यांनी एकूण ४१३ चेंडू टाकले होते, आणि समोरचा संघ तर आधीची तिन्ही ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकलेला होता.

त्यानंतर सॉफ्टबॉल ऑलिंपिकमधूनच वगळले गेले. उएनो मात्र खेळत राहिल्या, २०१२ आणि २०१४ मध्ये विश्वविजेत्या संघात होत्या, आणि २०२१ मध्ये टोकियोत हा खेळ परतला तेव्हा ३९ व्या वर्षी पुन्हा अमेरिकेविरुद्ध अंतिम सामन्यात उतरल्या. सहाव्या डावात त्यांच्या जागी तरुण मिउ गोतो आल्या. परंतु सुरुवातीच्या खेळाडूला एकदा परत येण्याची मुभा सॉफ्टबॉलचे नियम देतात (बेसबॉलमध्ये ती नाही), त्यामुळे सातव्या डावात उएनो परतल्या आणि जपानने २-० असे सुवर्णपदक राखले.